मुलीने ड्रॅगन सोडावा का?

पत्र: माझी मुलगी बारा वर्षांची असून सातवीत आहे. तेरा वर्षांखालील मुलींच्या बुद्धिबळाच्या राज्य निवड स्पर्धेत पहिल्या चारही फेऱ्या जिंकून ती पाचव्या फेरीत पहिल्या पटावर बसली आणि काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचावातला ड्रॅगन (डाव सुरू करण्याची एक पद्धत) खेळताना अवघ्या दहा चालींत हरली. उरलेल्या चार फेऱ्यांत तिला दीडच गुण मिळाला. परतीच्या एस.टी.त तिचे बाबा बोलून गेले, की दहा चालींत हरायचे होते तर इतक्या लांब यायचे तरी कशाला. तेव्हापासून ती त्या डावाचा विषयही काढू देत नाही. तिच्या सरांचे म्हणणे असे, की ड्रॅगन हे लहान मुलांचे काम नाही, तिने आता कॅरो-कान हा दुसरा बचाव शिकावा. मुलगी ड्रॅगन सोडायला तयार नाही आणि खेळायलाही घाबरते. पुढची स्पर्धा साडेतीन आठवड्यांवर आली आहे. मला स्वतःला मोहरी कशी चालतात एवढेच कळते. डावाच्या नोंदीचा आणि तिच्या वहीतल्या ड्रॅगनच्या पानाचा फोटो सोबत पाठवत आहे. काय करावे?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: सप्रेम नमस्कार.

प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागून सांगते. येत्या स्पर्धेसाठी मुलीच्या हातातून ड्रॅगन काढून घेऊ नका. ती ड्रॅगनमुळे हरलेली नाही. हे मी तिची किंवा तुमची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून मी तो डाव पटावर तीनदा मांडून पाहिला, आणि ती नेमकी कुठे व कशामुळे चुकली हे त्या दोन कागदांत इतके स्वच्छ दिसते, की तिला काही विचारण्याचीही गरज पडत नाही.

डाव असा झाला (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी आणि आकडा म्हणजे आडवी ओळ). पांढऱ्याने ई४ खेळले, तिने सी५ ने उत्तर दिले. पुढे घोडा एफ३, डी६. मग पांढऱ्याचे डी४, ते तिने सी प्याद्याने मारले. घोड्याने डी४ वर परत मारले, तिचा घोडा एफ६ मध्ये आला. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३ मध्ये आणि तिचे जी६. पाच चाली झाल्या आणि ड्रॅगन पटावर उभा राहिला. सहाव्या चालीला तिला अपेक्षा होती ती उंट ई३ या चालीची, कारण वहीतले अख्खे पान त्याच चालीवर आहे. समोरच्या मुलीने त्याऐवजी एफ४ खेळले. या हल्ल्याला ग्रिगोरी लेव्हेनफिश या सोव्हिएत विजेत्याचे नाव आहे. मोठ्या स्पर्धांतून तो आता क्वचितच दिसतो, पण मुलांच्या स्पर्धांत त्याने घेतलेले बळी मी स्वतः अनेक पाहिले आहेत. तिने सवयीने उंट जी७ मध्ये नेला. सातव्या चालीला पांढऱ्याचे प्यादे ई५ मध्ये घुसले. ते तिने डी६ वरच्या प्याद्याने मारले, पांढऱ्याने एफ प्याद्याने परत मारले, आणि अडचणीत आलेला आपला घोडा तिने जी४ मध्ये नेला. नववी चाल उंट बी५, शह. तिने राजा एफ८ मध्ये सरकवला. दहावी चाल घोडा ई६, पुन्हा शह, आणि तिने डाव सोडला.

शेवटच्या चालीत काय आहे ते तुमच्यासाठी उलगडून सांगते, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. पांढऱ्याचा घोडा डी४ वरून उठला तेव्हा डी पट्टी वरपासून खालपर्यंत मोकळी झाली आणि दोन्ही वजीर एकमेकांसमोर आले. एरवी काळ्याने पांढरा वजीर मारला असता, पण राजाला शह असल्यामुळे आधी शह सोडवणे भाग आहे. घोडा उंटाने मारा की प्याद्याने मारा, पांढरा वजीर काळा वजीर घेऊन जातो. राजा ई८ वर परत जाऊ शकत नाही, कारण बी५ वरचा उंट त्या घरावर टपलेला आहे. तो जी८ वर गेला तर वजीर डी८ वरचा वजीर मारून शह देतो, मध्ये घातलेला उंटही मारतो आणि मात होते. म्हणजे तिने डाव सोडला ते योग्यच केले. काहीही शिल्लक नव्हते.

आता वहीचे पान पाहा. पानाच्या मधोमध तिने लाल शाईने लिहिले आहे: ‘उंट सी४ खेळला तर घोडा जी४! उंट बी५ शह, तर राजा एफ८!’ आणि दोन्ही उद्गारचिन्हांखाली दोनदा रेघ ओढली आहे. हे तिने अगदी बरोबर लिहून घेतले आहे. पांढऱ्याने सहाव्या चालीला उंट ई३ आणि सातव्या चालीला दुसरा उंट घाईने सी४ मध्ये नेला, तर काळ्याचा घोडा जी४ मध्ये उडी मारून ई३ च्या उंटावर हल्ला करतो. मग पांढऱ्याने बी५ वरून शह दिला, तर मध्ये डी७ वर उंट किंवा घोडा घातल्यास जी४ च्या घोड्याचा आधार तुटून तो फुकट जातो. म्हणून राजा एफ८ मध्ये जातो, कॅसलिंगचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क सोडतो, आणि तरीही काळ्याचा डाव चांगला राहतो, कारण पांढऱ्याला आपला मोलाचा उंट वाचवत पळावे लागते. तिच्या डावात हीच दोन उत्तरे, याच क्रमाने, आठव्या आणि नवव्या चालीला आली. फरक एवढाच, की वहीतल्या स्थितीत काळ्याचे प्यादे डी६ वर उभे असते आणि डी पट्टी बंद असते, त्यामुळे घोड्याने ई६ वर शह दिला तर तो घोडा फुकट मिळतो. तिच्या डावात मात्र ते प्यादे दोन चालींपूर्वीच ई५ वर मारले जाऊन पटावरून गेले होते. एका प्याद्याने एकाच चालीला एकदा उत्तम आणि एकदा आत्मघातकी केले.

म्हणून मी म्हणते, की तिला चाल येत होती पण तिचे कारण माहीत नव्हते. बारा वर्षांच्या मुलीचा यात दोष किती आणि ज्याने ‘राजा एफ८’ लिहून दिले पण ‘का’ लिहून दिले नाही त्याचा किती, याचा हिशेब मांडत बसण्यात अर्थ नाही. आठव्या चालीनंतर तिचा डाव अवघड झालाच होता, पण नवव्या चालीला बी८ वरचा घोडा सी६ मध्ये घातला असता तर वजिरांची मारामारी होऊन एक वाईट, तरीही खेळता येण्याजोगा डाव उरला असता. खरी चूक त्याआधीची, सातव्या चालीची: ई५ वरचे प्यादे मारायचे नव्हते. घोडा एच५ मध्ये न्यायचा होता. आणि त्याहून सोपा मार्ग म्हणजे सहाव्या चालीला एफ४ पाहताक्षणी उंट जी७ मध्ये नेण्याची घाई न करता घोडा सी६ मध्ये आणणे, म्हणजे ई५ या घरावर आणखी एका मोहऱ्याची नजर राहते. पांढऱ्याने तो घोडा मारून ई५ केलेच, तर काळ्याचा दुसरा घोडा डी७ मध्ये येतो आणि काळ्याला काळजीचे कारण राहत नाही.

नोंदीत आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्या लक्षात आली नसेल. चालींच्या बाजूला तिने घड्याळातली वेळ लिहिली आहे, ही उत्तम सवय आहे आणि नियमांतही बसते. नव्वद मिनिटे आणि प्रत्येक चालीला तीस सेकंदांची भर, अशी वेळ होती. नवव्या चालीनंतर तिच्या घड्याळात ९२ मिनिटे शिल्लक आहेत. नऊ चालींची भर साडेचार मिनिटांची होते. म्हणजे राज्य निवड स्पर्धेत, पहिल्या पटावर, वहीत नसलेली चाल समोर आलेली असताना तिने सबंध डावात जेमतेम अडीच मिनिटे विचार केला. एफ४ ला उत्तर देताना तिने किती सेकंद घेतले हे त्या आकड्यांवरून जवळजवळ मोजता येते, आणि ते मोजताना मला वाईट वाटले, कारण तिच्याकडे दीड तास होता.

ड्रॅगनविषयी थोडे सांगायला हवे, म्हणजे मुलगी तो का सोडत नाही हे तुम्हाला उमजेल. हे नाव फ्योदर दुस-खोतिमिर्स्की या खेळाडूने दिले असे मानले जाते. १९०१ साली कीव्हमध्ये असताना काळ्याच्या प्याद्यांची रचना त्याला आकाशातल्या कालेय (ड्रॅको, म्हणजे ड्रॅगन) तारकासमूहासारखी दिसली, असे त्याने पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. पण मुलांना नावापेक्षा भुरळ पडते ती जी७ वरच्या उंटाची. तो उंट पटाच्या एका कोपऱ्यातून लांब कर्णावर थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत नजर लावून बसतो. पांढरा बहुधा ई३ ला उंट, एफ३ ला प्यादे, डी२ ला वजीर अशी मांडणी करून वजिराच्या बाजूला कॅसलिंग करतो आणि एच प्यादे पुढे ढकलत काळ्या राजाच्या दारावर येतो. काळा सी पट्टीवर हत्ती आणून सी३ च्या घोड्यावर घाव घालतो, आणि वेळ आल्यास त्या घोड्यासाठी अख्खा हत्ती देऊन टाकतो. दोघेही परस्परांच्या राजावर धावतात आणि जो एका चालीने मागे पडतो तो हरतो. पंधरा वर्षांच्या बॉबी फिशरने १९५८ साली पोर्तोरोझ येथे बेंट लार्सनचा ड्रॅगन अशाच एच पट्टीवरच्या हल्ल्याने मोडला होता. ज्या मुलीला असा डाव मनापासून आवडतो, तिला हल्ला दिसतो, मोहरी सोडून देण्याची भीती वाटत नाही, आणि हे गुण शिकवून येत नाहीत.

तुमच्या सरांच्या मताचा मी अनादर करत नाही. ड्रॅगनमध्ये पाठांतराचा भार जास्त आहे आणि एका चुकीची शिक्षा लगेच होते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. कॅरो-कान हा भक्कम आणि सन्मान्य बचाव आहे. कोणी सुरुवातीपासून तोच शिकवला असता तर मी हरकत घेतली नसती. परंतु शांत म्हणवणाऱ्या ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीत, अशी चूक होत नाही, हा समज मात्र मनातून काढून टाका. कॅरो-कानमध्ये ई४, सी६, डी४, डी५, घोडा सी३, प्याद्याने प्यादे मारले, घोड्याने परत मारले, घोडा डी७, इथपर्यंत सारे रीतसर आहे. आता पांढऱ्याने वजीर ई२ मध्ये आणला आणि मुलीने सवयीने दुसरा घोडा एफ६ मध्ये आणला, तर पुढच्याच चालीला घोडा डी६ मध्ये येऊन मात होते, कारण ई७ चे प्यादे वजिराच्या धाकाने राजापुढे जागीच खिळलेले (पिन झालेले) असते आणि ते घोडा मारू शकत नाही. सहा चालींत मात. ड्रॅगनमध्ये ती दहाव्या चालीपर्यंत तरी पोहोचली होती. ज्या सवयीमुळे ती हरली ती सवय नव्या ओपनिंगमध्ये तिच्याबरोबर जाणारच आहे, आणि तिथे तिला प्रत्येक वळण अनोळखी असेल.

हे मी ठामपणे सांगू शकते, कारण माझ्या बाबतीत हेच घडले आहे. चौदाव्या वर्षी मी एका स्पर्धेत लागोपाठ दोन डाव हरले आणि माझ्या तेव्हाच्या प्रशिक्षकांनी माझी ओपनिंग बदलली. नवी ओपनिंग हरली, पुन्हा बदलली. दोन वर्षांत मी काळ्या मोहऱ्यांनी चार निरनिराळे बचाव शिकले आणि त्यांतल्या एकाही बचावात दहाव्या चालीनंतर मला काय करायचे असते हे माहीत नव्हते. पटावर बसताना हात थरथरायचा, कारण कोणत्याही घरात मला ‘हे माझे घर’ असे वाटत नव्हते. पुढे एका ज्येष्ठ खेळाडूने मला एकच बचाव वर्षभर खेळायला लावले आणि हरलेला प्रत्येक डाव त्याच वहीत त्याच पानावर लिहायला लावला. त्या वर्षी मी जास्त डाव जिंकले असे नाही, पण हरण्याची कारणे मला स्वतःला सांगता येऊ लागली.

मुलीला दाखवावा असा एक डाव सुचवते. १९७४ साली मॉस्को येथे अनातोली कार्पोव्ह आणि व्हिक्टर कोर्चनॉय यांच्यात जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्याच्या दुसऱ्या डावात कोर्चनॉयने ड्रॅगन खेळला आणि तो २७ चालींत हरला. कोर्चनॉय तेव्हा जगातल्या सर्वांत अनुभवी खेळाडूंपैकी एक होता. म्हणजे या बचावात झटपट हरण्यात बारा वर्षांच्या मुलीला लाज वाटावी असे काही नाही, हे तिला आपोआप कळेल. पण मला तो डाव एका चालीसाठी दाखवायचा आहे. एकोणिसाव्या चालीला कार्पोव्हने हल्ला ऐन रंगात असताना डी१ वरचा हत्ती फक्त दोन घरे पुढे, डी३ मध्ये सरकवला. पाहणाऱ्याला ती चाल निरुपयोगी वाटते. काळ्याचे दोन हत्ती आणि वजीर सी३ च्या घोड्यावर दबाव आणून बसले होते, आणि त्या घोड्याला आधार देण्याच्या कामात ई२ वरचा दुसरा घोडा जुंपलेला होता. हत्ती डी३ मध्ये येताच सी३ चे रक्षण हत्तीने पत्करले आणि ई२ चा घोडा हल्ल्यात उतरायला मोकळा झाला. काही चालींनंतर तोच एफ४ मध्ये आला आणि काळ्याच्या राजाभोवतीचा फास आवळला गेला. या चालीवर झाकण ठेवून मुलीला विचारा, की इथे हत्ती का हलला असेल. तिला उत्तर सापडायला अर्धा तास लागला तरी लागू द्या. घाईने मागे लागू नका आणि चाली तपासणारे संगणकाचे इंजिनही सुरू करू नका.

आता साडेतीन आठवड्यांत काय करायचे ते. पहिल्या आठवड्यात नवीन काही शिकवू नये. तिने पट मांडून पाचव्या चालीपर्यंत यावे आणि पांढऱ्याच्या सहाव्या चालीचे जे पर्याय तिला स्वतःला सुचतील ते एकेका पानावर लिहावे: उंट ई३, एफ४, उंट ई२, उंट सी४, जी३, उंट जी५. प्रत्येक पानावर आधी चाली लिहायच्या नाहीत. आधी तिच्या स्वतःच्या मराठीत एक वाक्य लिहायचे, की पांढऱ्याला ही चाल कशासाठी हवी आहे. ‘एफ४: ई५ ढकलून माझा घोडा हाकलायचा आहे’ एवढे एक वाक्य त्या दिवशी तिच्या डोक्यात असते, तर तिने उंट जी७ ला नेण्याआधी ई५ कडे पाहिले असते. वाक्य जमले की मग आपले उत्तर आणि त्या उत्तराचे कारण. सरांनी हे तपासून द्यावे; ते नक्की देतील, कारण त्यांचा विरोध मुलीला नाही, ती तयारीविना धोक्यात जाते आहे याला आहे. मोबाइलवरचा पट या आठवड्यात बाजूला ठेवलेला बरा. बोटाने चाल सरकवताना मोहऱ्याचे वजन हाताला कळत नाही, आणि चाल मागे घेण्याची सोय असल्याने विचार पूर्ण करण्याची सवय लागत नाही.

दुसरा आठवडा ड्रॅगनला देऊच नका. नऊ फेऱ्यांत चार किंवा पाच वेळा काळी मोहरी येतात. त्यांतल्या काही जणी डी४ ने सुरुवात करतात, आणि ई४ खेळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी या वयात दुसऱ्याच चालीला सी३ खेळून किंवा एफ प्यादे पुढे टाकून मुख्य ड्रॅगन येऊच देत नाहीत. एका स्पर्धेत खराखुरा ड्रॅगन एकदा, फार तर दोनदा समोर येतो. त्या एका डावासाठी सहा महिने घोकायचे आणि उरलेल्या तीन डावांत तिसऱ्या चालीपासून चाचपडायचे, हे मुलांच्या तयारीत मला वारंवार दिसणारे दुखणे आहे. तुमच्या मुलीच्या वहीत सी३ च्या पद्धतीवर एकही ओळ असल्याचे मला तरी त्या फोटोच्या कडेला दिसणाऱ्या अनुक्रमणिकेत आढळले नाही.

तिसऱ्या आठवड्यात तुमचे काम आहे. तुम्हाला मोहरी कशी चालतात एवढेच कळते, असे तुम्ही संकोचाने लिहिले आहे. या कामाला तेवढेच पुरेसे आहे, उलट जास्त येणारा माणूस इथे उपयोगाचा नाही. संध्याकाळी वीस मिनिटे तिच्यासमोर बसा आणि तिने खेळलेल्या प्रत्येक चालीला ‘ही का?’ एवढेच विचारा. ‘पुस्तकात आहे’ किंवा ‘सरांनी सांगितले’ हे उत्तर धरायचे नाही. तुम्हाला समजेल अशा शब्दांत तिला सांगता आले, तर ते तिला समजले आहे. सांगता आले नाही, तर त्या चालीवर पेन्सिलीने एक टिंब काढायचे आणि पुढे जायचे. टिंबे सरांकडे न्यायची. मुलगी चिडेल, आई मुद्दाम त्रास देते असेही म्हणेल. दोन दिवसांनी चिडणे कमी होईल, कारण आईला शिकवण्यात मुलांना वेगळाच आनंद असतो.

पटावरची शिस्त फार सोप्या शब्दांत सांगा. समोरून शह आला, किंवा पांढऱ्याचे एखादे प्यादे पाचव्या ओळीत आले, की दोन्ही हात मांडीखाली घ्यायचे आणि तीस सेकंद पट पाहायचा, उत्तर पाठ असले तरीही. ही तीस सेकंदे घड्याळ तिला प्रत्येक चालीला परत देतेच. पूर्वी आम्हाला चाल आधी कागदावर लिहून मग खेळायला शिकवत असत. ते मात्र तिला शिकवू नका, आजच्या नियमांनुसार चाल आधी लिहिणे चालत नाही आणि पंच ताकीद देतात.

पराभवानंतरच्या चार फेऱ्यांत दीड गुण, ही माझ्या मते त्या दहा चालींपेक्षा जास्त काळजीची गोष्ट आहे. तिथे ड्रॅगनचा काही संबंध नव्हता. दिवसाला दोन फेऱ्या असतील तर हरलेला डाव पुढच्या फेरीआधी उघडायचा नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांसाठी करा. तिला खायला द्या, मैदानाला एक फेरी मारून आणा, शाळेतल्या मैत्रिणींच्या गप्पा काढा. इतर पालकांच्या घोळक्यात ‘कशी हरली’ याचे वर्णन तिच्यादेखत करू नका, कोणी विचारले तर ‘पुढची फेरी आहे’ म्हणून सोडून द्या. डाव दुसऱ्या दिवशी किंवा स्पर्धा संपल्यावर पाहावा, आधी तिने एकटीने, मग सरांबरोबर, आणि सर्वांत शेवटी इंजिनवर. इंजिन आधी पाहिले तर ते फक्त चूक दाखवते, आणि मुलीला वाटते की आपल्याला एवढेही दिसले नाही.

तिच्या बाबांविषयी. ते वाक्य रागापेक्षा दमण्यातून आले असेल. रजा काढून, खर्च करून, मुलीच्या चार विजयांनंतर मनात काही आशा धरून बसलेल्या माणसाचे ते बोलणे होते. तरीही ते मुलीच्या मनात रुतून बसले आहे आणि ते त्यांनीच काढले पाहिजे. आईने ‘बाबांच्या मनात तसे नव्हते’ म्हणून उपयोग होत नाही. त्यांनी मोठे भाषण करण्याची गरज नाही. ‘मी एस.टी.त जे बोललो ते चुकीचे होते’ एवढे एक वाक्य, आणि मग पट मांडून ‘तो डाव मला दाखव’ म्हणून तिच्यासमोर बसणे. तिने नकार दिला तर पुन्हा चार दिवसांनी विचारावे. त्यांना हवे असेल तर त्यांनी तिला १९९५ सालच्या जागतिक अजिंक्यपद सामन्याची गोष्ट सांगावी. न्यूयॉर्कमध्ये विश्वनाथन आनंद गॅरी कास्पारोव्हविरुद्ध खेळत होता. आठ डाव बरोबरीत सुटल्यावर नववा डाव आनंदने जिंकला, दहावा कास्पारोव्हने, आणि अकराव्या डावात कास्पारोव्हने काळ्या मोहऱ्यांनी ड्रॅगन बाहेर काढून आनंदला हरवले. तेराव्या डावात पुन्हा ड्रॅगन, पुन्हा काळ्याचा विजय. सामना आनंदने गमावला. तो आनंद पुढे २००० साली आणि नंतर २००७ ते २०१३ अशी सलग वर्षे जगज्जेता होता. या गोष्टीत ड्रॅगन खेळणारी काळी मोहरी जिंकतात, हे मुलीला विशेष आवडेल.

इतके करूनही, पुढच्या स्पर्धेनंतर ती स्वतः म्हणाली, की मला आता ड्रॅगन खेळावासा वाटत नाही, तर एका शब्दानेही अडवू नका. मग कॅरो-कान जरूर शिकवा. भीतीपोटी सोडणे आणि खेळून पाहून सोडणे यांत फरक आहे, आणि हा फरक तिच्या वयातही तिला चांगला कळतो. माझा अंदाज असा, की ती सोडणार नाही.

या आठवड्यात एक काम मात्र लगेच करा. ती शाळेतून आली की वहीचे ते पान उघडून तिच्यासमोर ठेवा. ते फाडायचे नाही, खोडायचे नाही. लाल शाईतल्या ‘राजा एफ८!’ या शब्दांपुढे जागा आहे; तिथे तिने तिच्याच अक्षरात लिहावे: ‘डी६ वरचे प्यादे जागेवर असेल तरच.’ आणि त्याखाली स्पर्धेची तारीख, फेरी पाचवी, पट पहिला.